सोयाबीनची परीक्षा कापसाला लावू नये: कुमार कादंबरीची पारख

दरवर्षी 15 ऑक्टोबर जवळ आला की शाळांमधली पुस्तकांची कपाटं उघडतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 2015पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या निमित्तानं पुस्तकं टेबलावर मांडली जातात, फोटो निघतात, आणि तीच ती पंचाईत पुन्हा समोर येते. लहान लेकरांसाठी गोष्टी आहेत, शिक्षकांसाठी जाडजूड ग्रंथ आहेत, पण आठवी ते बारावीच्या पोरापोरींच्या हातात काय द्यायचं?

पुस्तकं येत नाहीत असं नाही. या वयासाठी रहस्य, विज्ञान, भय, इतिहास, प्रेम अशा सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्या मराठीत मिळतात, काही मूळ मराठी तर काही भाषांतरित. अडतं ते निवडताना. परभणीच्या किंवा भोकरदनच्या वाचनालयात खरेदी करणाऱ्यापुढे असते प्रकाशकाची यादी, मुखपृष्ठ, सवलतीचा टक्का आणि मलपृष्ठावरचा 'संस्कारक्षम' हा शब्द. यांतल्या कशावरूनही आतली कादंबरी कळत नाही. कळण्याच्या काही साध्या रीती आहेत, त्या बघू.

## मोंढ्यात काय करतात?

मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, माल आला की वजनाचा काटा सगळ्यांना एकच. पारख मात्र मालागणिक वेगळी. सोयाबीनचा ओलावा यंत्रावर बघतात, 12 टक्क्यांच्या वर गेला की भावाला कात्री लागते. कापसाचा पुंजका चिमटीत धरून ओढतात आणि धाग्याची लांबी जोखतात. तूर तळहातावर घेऊन दाणा भरीव आहे की डागी ते पाहतात. 'याचा दाणा भरला नाही' म्हणून कापूस परत पाठवणारा आडत्या अजून जन्माला यायचाय.

कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण हेच करतो. भयकथेला विचारतो, 'यातून मुलांनी काय शिकायचं?' रहस्यकथेला म्हणतो, 'भाषेला लालित्य नाही.' आणि ऐतिहासिक कादंबरीत माहिती भरपूर आहे एवढ्यावर तिला पास करून टाकतो, मग ती वाचताना पोरगं तिसऱ्या पानावर झोपी का जाईना.

प्रकार म्हणजे लेखकानं वाचकाला दिलेला शब्द. रहस्यकथा म्हणते, 'मी कोडं घालते, लक्ष दिलंस तर तुलाही सुटेल.' भयकथा म्हणते, 'घाबरवते, पण सुखरूप बाहेर काढते.' विज्ञान कादंबरी म्हणते, 'एक गोष्ट बदलते, मग बाकीचं जग कसं बदलेल ते दाखवते.' शब्द पाळला का, हे त्या-त्या शब्दावरूनच ठरणार. म्हणून पारख दोन टप्प्यांत करायची: आधी सगळ्यांना सारखा असलेला काटा, मग मालाची स्वतःची परीक्षा.

## नायक पंधरा वर्षांचा असला म्हणजे झालं का?

नाही. मराठीत बालपणावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण त्यातलं बरंचसं मोठ्यांनी मोठ्यांसाठी जागवलेल्या आठवणी आहेत. ओळखायची खूण वाक्यातच सापडते. 'तेव्हा मला कुठं ठाऊक होतं, की तशी संध्याकाळ पुन्हा येणार नाही' हा पन्नाशीचा आवाज झाला. 'तिनं वही परत दिली. शेवटचं पान दुमडलेलं होतं. मी दुमडलं नव्हतं' हा पंधराव्या वर्षाचा. पहिल्यात हळहळ आहे, दुसऱ्यात पुढं काय होणार याची धडधड. दोन्ही वाक्यं चांगली असू शकतात, पण कुमार कादंबरी म्हणायची ती दुसऱ्या जातीची: त्या वयाच्या आतून सांगितलेली, आणि पुढचं काही ठाऊक नसलेली.

वयाची रेघ कुठं मारायची यावर वाद आहेत. अमेरिकेत 2000 सालापासून या वयाच्या पुस्तकांना दिल्या जाणाऱ्या मायकल प्रिंट्झ पुरस्कारात 12 ते 18 हा गट धरतात. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010पासून आहे, पण त्यात लहानग्यांच्या कविता आणि मोठ्या मुलांची कादंबरी एकाच रांगेत बसतात. मधल्या वयाला वेगळी बाकडी नाहीत, हे दुखणं जुनंच. प्रिंट्झच्या नियमांत एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथं लोकप्रियता हा निकष नाही, आणि पुस्तकानं दिलेला संदेश हाही नाही.

## सगळ्यांना सारखा काटा

चार गोष्टी पाहायच्या: आवाज, निर्णय, बांधणी, भाषा. आवाजाचं आत्ताच बोललो.

निर्णय म्हणजे कथेला वळण कोण देतं. कागद घ्या, कादंबरीतली सगळ्यात मोठी 5 वळणं लिहा आणि प्रत्येकापुढं ते कुणामुळं आलं याची नोंद करा. मुलानं किंवा मुलीनं ठरवल्यामुळं, की मामा, गुरुजी, फौजदार, नाहीतर निव्वळ योगायोगामुळं? पाचांपैकी तीन वळणं मोठ्यांच्या किंवा नशिबाच्या हातात असतील तर पुस्तक कुमारांचं नाही, कुमारांबद्दलचं आहे. मराठी कादंबऱ्या सगळ्यात जास्त इथंच घसरतात. पोरं दीडशे पानं धावतात आणि शेवटी जीपमधून कुणीतरी उतरून सगळं मिटवून टाकतं. निर्णय चुकीचा असला तरी चालेल, उलट चुकीचा असलेला बराच. त्याची किंमत मात्र त्या मुलानंच मोजलेली दिसली पाहिजे.

बांधणी तपासायची असेल तर मधला भाग वाचा. सुरुवात आणि शेवट लेखकाच्या डोक्यात आधीपासून असतात, मधे भरताड होते. 160 पानांचं पुस्तक असेल तर साधारण 65 ते 95 ही पानं. तिथं सहल निघालीय का? आजोबा चार पानं इतिहास सांगत बसलेत का? एक प्रकरण सरळ गाळून पुढचं वाचून बघा. काहीच तुटलं नाही, तर ते प्रकरण फर्मा भरायला आलंय. (छापखान्यात 16 पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. पुस्तक फर्म्यांच्या हिशोबात बसवायला पानं वाढवली जातात हे काही गुपित नाही.)

भाषेत आधी संवाद बघायचे, आणि तेही मोठ्यानं वाचून. चौदा वर्षांचा पोरगा मित्राला 'तू असं का करत आहेस बरं?' म्हणत नाही. लातूर-बीडकडचा असेल तर 'काय करायलास रे?' म्हणेल. बोली वापरली म्हणजे जिंकलं असंही नाही, ती कुठली वापरली ते पाहा. औशाच्या पात्राच्या तोंडी 'करून राहिलो' घातलेलं असेल तर लेखकानं मराठवाडा आणि वऱ्हाड एकाच पोत्यात भरलाय. हिंगोलीत वाशिमच्या सीमेवर ते एकवेळ खपेल. आणखी एक: घरगडी, ड्रायव्हर, मावशी तेवढ्या बोलीत आणि नायक मात्र प्रमाण मराठीत, असं असेल तर बोली तिथं फक्त हसण्यापुरती आणलीय. बोलीतल्या माणसाला पुस्तकात गंभीर काही बोलू दिलंय का, हे बघायचं.

## इतिहास: 15 ऑगस्टला जालन्यात झेंडा?

ऐतिहासिक कादंबरीचा शब्द असा असतो: 'तुला त्या काळात नेते आणि तिथं तू स्वतःच्या पायांवर चालशील.' तपासायच्या दोन बाजू. काळ खरा आहे का, आणि त्या काळातलं मूल त्या काळाचंच आहे का.

मराठवाड्याच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी हातात आली तर चूक पकडायला सोपी जागा म्हणजे 15 ऑगस्ट 1947. त्या दिवशी जालन्याच्या चौकात मिठाई वाटून निर्धास्त झेंडावंदन झालेलं दाखवलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिरंगा फडकवणं हे सत्तेला दिलेलं आव्हान होतं आणि स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. 13 सप्टेंबर 1948ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला मुक्ती आली. म्हणजे पुण्यातल्या पोराचं आणि परभणीतल्या पोराचं स्वातंत्र्य तेरा महिन्यांनी वेगळं. या तेरा महिन्यांत केवढी तरी कादंबरी आहे!

मग बारीक तपशील. निजामी राजवटीत जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार, 'कलेक्टर' नव्हे. बाजारात निजामाचा हाली सिक्का चाले आणि इंग्रजी अमलातल्या रुपयाला कलदार म्हणत. हद्द ओलांडून सोलापूरला गेलेल्या मुलाला हा फरक दुकानात पहिल्याच दिवशी कळला पाहिजे. दरबारी कारभार उर्दूत. मनमाडहून हैदराबादकडं जाणारी रेल्वे मीटरगेज. असे तपशील खरे असले पाहिजेत, पण ते रचून ठेवलेले नकोत. 'त्या काळी हाली सिक्का हे चलन होते' असं निवेदकानं सांगणं वेगळं, आणि पोरानं कलदार म्हणून दिलेलं नाणं दुकानदारानं उलटंसुलटं करून परत टाकणं वेगळं.

दुसरी बाजू अधिक कठीण. 1948ची तेरा वर्षांची मुलगी आजच्या भाषणातली वाक्यं बोलू लागली की इतिहास मेला. तिला बंड करू द्या, पण तिच्या काळात बंडाचा जो आकार शक्य होता तोच द्या. शाळेत जाण्याचा हट्ट, चोरून नेलेली चिठ्ठी, न सांगता ठेवलेलं एखादं गुपित.

अलीकडच्या इतिहासालाही हीच परीक्षा. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारच्या सुमाराला झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं. म्हणजे लोक मिरवणुकीहून दमून येऊन झोपले होते. घरं जाड दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. माणसं दगावली ती मुख्यतः त्या भिंती आणि माळवदाखाली. यावरच्या कादंबरीत जमीन दुभंगून माणसं गडप होताना दिसली, तर लेखकानं भूकंप सिनेमात पाहिलाय.

## रहस्य: वाचकाला फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही

रहस्यकथेचा नियम इंग्रजी लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929मध्येच मांडून ठेवलाय. मथितार्थ असा, की शोध घेणाऱ्याला जे धागे मिळतात ते वाचकालाही मिळाले पाहिजेत. आपल्या आट्यापाट्यांसारखं आहे हे. हुलकावणी द्या, पण पाटीची रेघ मधेच सरकवू नका.

तपासायची पद्धत सोपी, पण पुस्तक दोनदा उघडावं लागतं. शेवट वाचा. गुन्हेगार कोण ते कळलं, की मागं जाऊन पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्यात त्याच्याकडं बोट दाखवणारे किमान 3 धागे शोधा. तीन सापडले आणि पहिल्या वाचनात तुमची नजर त्यांवरून निसटली होती, तर कादंबरी उत्तम. एकही सापडला नाही तर लेखकानं फसवलं. तिन्ही धागे तिसाव्या पानावरच ओरडत होते, तर कोडं सातवीच्या खालच्या वर्गाचं.

आता मोबाईल. आजच्या काळातली रहस्यकथा असेल तर पोरांनी 112 हा पोलिसांचा तातडीचा नंबर का लावला नाही, याला पुस्तकात उत्तर हवं. 'रेंज नव्हती' हे उत्तर एकदा चालतं, तीनदा नाही. चांगला लेखक फोन हातात ठेवूनच अडचण उभी करतो: फोन लावला तर आपणच अडकू, किंवा ज्याला लावायचा त्याच्यावरच संशय आहे. कायद्याचंही एक बघा. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढं नेतात. कादंबरीत पंधरा वर्षांचा पोरगा गजांआड रात्र काढत असेल, तर निदान कुणीतरी 'हे बेकायदा आहे' म्हणताना दिसायला हवं.

## विज्ञान आणि अद्भुत: एकाला हिशोब, दुसऱ्याला नियम

विज्ञान कादंबरीतून विज्ञान काढून बघा. कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर ते विज्ञान म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर होतं. उरली नाही, तर कादंबरी खरी.

मग हिशोब. मंगळावरून पृथ्वीशी पात्र फोनवर गप्पा मारल्यासारखं बोलत असेल तर चूक. अंतरानुसार संदेशाला एका बाजूनं साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. हाच उशीर वापरून लेखक केवढा ताण उभा करू शकला असता! किंवा पाण्याचं घ्या. 2016च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पन्नास टाक्यांची मोठी गाडी म्हणजे सुमारे 25 लाख लिटर. ऐकायला समुद्र वाटतो, पण माणशी रोज 50 लिटर धरलं तर ते 50,000 माणसांचं एका दिवसाचं पाणी, आणि 2011च्या जनगणनेतच लातूर शहर पावणेचार लाखांच्या पुढं होतं. उद्याच्या मराठवाड्यावरच्या कादंबरीत गॅरेजमधल्या एका यंत्रानं अख्खं शहर न्हाऊन निघत असेल, तर लेखकानं हा गुणाकार केलेला नाही. मुलं करतात. विशेषतः नीटची तयारी करणारी.

अद्भुत कथेत हिशोब नको, नियम हवेत. जादू कोण करू शकतं, कधी, आणि तिची किंमत काय? शेवटच्या लढाईत आधी कधी न सांगितलेली शक्ती नायकाच्या बोटातून निघाली, की तिथंच गुण कापा.

## भय: भानामती खेळ नाही

भयकथेवर पालकांचा सगळ्यात जास्त राग असतो आणि मुलांचा सगळ्यात जास्त जीव. चांगल्या भयकथेत भीती पायरीपायरीनं चढते. आधी काहीतरी जागचं हललेलं, मग ते हललंय हे एकालाच दिसतं, मग त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. रक्त, कवटी आणि किंकाळी पहिल्या दहा पानांतच संपवली तर पुढं लेखकाकडं वाढवायला काही उरत नाही. मुलं अशा पुस्तकाला घाबरत नाहीत, हसतात.

मराठवाड्यात या प्रकाराला एक जादा परीक्षा लावावीच लागते. भानामती, करणी हे शब्द इथं नुसते गोष्टीतले नाहीत, त्यांवरून खऱ्या बायांना त्रास झालेला आहे. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन छळणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा कादंबरीत भीतीचं बोट शेवटी कुणाकडं वळतं ते बघा. गावाकडेला राहणारी विधवा, किंवा एखाद्या ठराविक वस्तीतली म्हातारी खरंच चेटकीण निघत असेल, तर ते पुस्तक अफवेला पुरावा पुरवतंय. भूत काल्पनिक राहू द्या, वाड्याला लागलेलं असू द्या, विहिरीतलं असू द्या. ओळखीच्या शेजारणीचं तोंड त्याला लावलं की भयकथेचा 'सुखरूप बाहेर काढते' हा शब्दच मोडतो.

## प्रेम आणि घरचं वास्तव

प्रेमकथेत एकच प्रश्न पुरतो: मुलीनं 'नाही' म्हटल्यावर पुस्तक काय करतं? नकारानंतरही शाळेपासून घरापर्यंत मागं येणारा पोरगा शेवटी 'खरा प्रेमी' ठरत असेल, तर भाषा कितीही मधाळ असो, गुण शून्य. बाकी चिठ्ठ्या, चोरून बघणं, पहिल्यांदा मन मोडणं हे त्या वयाचं जेवणखाणच आहे, त्यावर कात्री चालवायचं कारण नाही. जातीबाहेरचं प्रेम असेल तर त्याचे पडसाद घरात उमटलेले दिसले पाहिजेत, गाण्यातल्यासारखं सगळं विरघळून जाता कामा नये.

वास्तव कादंबरीची गोची वेगळी. तिथं दुःखाचं प्रदर्शन भरतं. ऊसतोडीवरची कादंबरी घ्या. 'कोयता' म्हणजे तोडणारी जोडी, मुकादमाकडून घेतलेली 'उचल', दिवाळीच्या मागंपुढं गाव सोडणं, उन्हाळ्याच्या तोंडावर परतणं, ही चौकट बरोबर हवी. बीडची मुलगी जानेवारीत गावच्या शाळेत बसलेली असेल तर ती हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं राहिलीय हे सांगावं लागेल. इथवर बरेच लेखक येतात. पुढचा प्रश्न असा: त्या मुलीला सोसण्याखेरीज काही करता येतं का? तिला विनोद कळतो का? ती कुणाचा हेवा करते, खोटं बोलते, क्रिकेट बघते का? तसं काहीच नसेल तर ती पात्र नाही, अहवालातली ओळ आहे. बीड-परभणीत बालविवाहाचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. ते सांगायला पाहणी आहे. कादंबरीनं एका घरात, एका रात्री, मुलीच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायचं.

## गुण कसे द्यायचे?

शंभरातले 60 काट्याचे: आवाज, निर्णय, बांधणी, भाषा, प्रत्येकी 15. उरलेले 40 प्रकाराच्या शब्दाचे. प्रकारात 20च्या खाली गेलेलं पुस्तक एकूण कितीही गुण मिळवो, बाजूला ठेवायचं.

समजा एक ऐतिहासिक कादंबरी आहे. तपशील चोख, म्हणून प्रकाराचे 30. पण आवाज 5, निर्णय 4, बांधणी 6, भाषा 10. एकूण 55. शेजारी एक साधी रहस्यकथा: आवाज 10, निर्णय 12, बांधणी 13, भाषा 8, प्रकार 28. एकूण 71. पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर रहस्यकथा घ्यावी. नुसती यादी बघून निवडली असती तर बहुतेकांनी उलट केलं असतं.

दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. पाचाहून जास्त फरक आला तिथं दोघांनीही पुस्तकातलं पान उघडून दाखवायचं. पान दाखवता आलं नाही तर ते मत नव्हतं, मूड होता.

वस्तू म्हणून पुस्तक कसं आहे तेही पाहा. अक्षर फार बारीक नको, अनुस्वार-रफार पुसट नकोत. मधोमध उघडून हलकंसं दाबा. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक वाचनालयात लवकर पानं सोडतं, फर्मे शिवलेलं टिकतं.

## पण साहित्याला मार्क देतात का?

हा आक्षेप रास्त आहे. 71 म्हणजे 70पेक्षा थोर, असा दावा कुणी करत नाही. गुणांचा उपयोग दोन पुस्तकांची लढत लावण्यासाठी नसून बघणाऱ्याचं लक्ष एका जागी आणण्यासाठी आहे. तक्ता नसला की माणूस पहिल्या प्रकरणावर आणि लेखकाच्या नावावर निकाल देतो. एखादी कादंबरी तक्त्यात 50वर अडकली आणि तरी डोक्यातून जात नसेल, तर ती घ्या आणि कारण दोन ओळींत लिहून ठेवा. ओळीच सुचल्या नाहीत, तर थांबा.

## आणि बोध?

बोध नको असं नाही, तो शेवटच्या पानावर चिकटवलेला नको. चाचणी अशी: शेवटची दोन पानं झाकून मुलाला विचारा, 'हे पुस्तक कशाबद्दल होतं?' त्याला उत्तर देता आलं तर बोध कथेत मुरलाय. शेवटचं भाषण वाचल्याशिवाय कळलंच नाही, तर तो वरून शिंपडलेला आहे.

## आपल्याकडचंच हवं का?

अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990मध्ये एक उपमा दिली, ती आता जगभर वापरतात: पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, कधी सरकतं दार. आरशात स्वतःचं जग दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं, आणि दारातून त्यात शिरता येतं. कपाटातली कुठलीही 20 पुस्तकं काढा आणि मोजा. सगळी पोरं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली असतील तर गेवराईच्या मुलाला आरसा नाही. सगळी दुष्काळातली असतील तर खिडकी नाही. भाषांतरित पुस्तकाला वेगळी सूट देऊ नका, पण वाक्य मराठीत चालतं की अडखळतं ते मोठ्यानं वाचून ठरवा.

## क्लासच्या धबडग्यात वाचणार कोण?

लातूरला किंवा नांदेडला अकरावी-बारावीच्या पोरांचा दिवस पहाटेपासून बांधलेला असतो. हातात उरतात जेवणानंतरची वीसेक मिनिटं. म्हणून या गटासाठी निवडताना प्रकरणाची लांबी बघा. एखाद्या मुलाला एक पान वाचायला लावून घड्याळ लावा. पानाला दोन मिनिटं लागली तर दहा पानांपर्यंतचं प्रकरण एका बैठकीत संपतं. तीस पानांचं प्रकरण दुसऱ्या दिवशीही अर्धवटच राहतं, मग पुस्तक उशाखाली जातं.

आणि निवड झाल्यावर मुलांना विचारा, पण 'आवडलं का?' असं नको. त्याला सगळी 'हो सर' म्हणतात. 'कुठल्या पानावर ठेवलंस?' विचारा. तिघांनी वेगवेगळ्या दिवशी 48 ते 52च्या मधेच पुस्तक ठेवलं असेल तर तिथं खड्डा आहे, आणि बहुधा तिथंच कुणी आजोबा बोलत बसलेले असतात. वर्षाच्या शेवटी देवघेवीचं रजिस्टर काढा. पुस्तक किती वेळा गेलं याहून परत किती दिवसांनी आलं ते बघा. दोन दिवसांत परत आलं तर एकतर अधाशासारखं वाचलंय, नाहीतर उघडलेलंच नाही. कुठलं ते पानांचे कोपरे सांगतात.